पॅसेजमधलं अर्धं मिनिट

"हा खड्डा गाडीचा नाही," बाई म्हणाल्या. "कुणी काय घातलं मध्ये?"

टेबलाभोवतीच्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रयोग तसा साधा. उतरत्या फळीवरून छोटी गाडी सोडायची. वाटेत दोन ठिकाणी एका बाजूला टॉर्च आणि त्याच्या समोर उजेड मोजणारा सेन्सर. गाडी मधून गेली की उजेड तुटतो, आणि सेन्सरला वायरने जोडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर सरळ चाललेली रेघ खाली खड्ड्यात पडते. पहिल्या ठिकाणापासून दुसऱ्या ठिकाणापर्यंत गाडीला किती वेळ लागला ते कॅल्क्युलेटर आपला आपण सांगतो. आज दुसऱ्या ठिकाणी एकाऐवजी दोन खड्डे दिसत होते. एक गाडीचा, रुंद. आणि त्याच्या जरा आधी एक बारीक, सुईने टोचल्यासारखा.

"बाई, पेन्सिल," शेवटी एक मुलगी पुटपुटली. "मी दाखवत होते, गाडी कुठून जाते ते."

"मग पुन्हा सोडा."

"पण बाई, उत्तर बरोबर येतंय! पुस्तकात आहे तेवढंच."

"उत्तर बरोबर आलं म्हणून मोजणं बरोबर ठरत नाही. पुन्हा."

पोरं कुरकुरली आणि गाडी उचलून परत वर घेऊन गेली. बाईंनी टेबलाला कंबर टेकवली. हे वाक्य त्या नोकरीला लागल्यापासून म्हणत आल्या होत्या, आणि हल्ली ते म्हणतानाही दमायला व्हायचं. सकाळी वडिलांना उठवताना पाठीत चमक भरली होती ती अजून गेली नव्हती. पोरं आपल्याला मागे 'सेन्सरबाई' म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं. म्हणोत बापडी. घंटा होईपर्यंत उभं राहता आलं म्हणजे मिळवली.

घरी घड्याळमास्तर वाट बघत होते.

बाईंचे वडील शाळेत कवायत शिकवायचे, पण गावाने त्यांना ओळखलं ते घड्याळामुळे. धावण्याच्या शर्यती कुठेही असोत, शेवटच्या रेषेवर गळ्यात शिट्टी अडकवून, हातात स्टॉपवॉच धरून मास्तर उभे. त्यांचा अंगठा पडला की वेळ ठरली, त्यावर दाद ना फिर्याद. आणि एक गोष्ट त्यांना मुळीच खपायची नाही. रेषा जवळ आली की काही पोरं हात पुढे फेकायची. झालं, मास्तरांची शिट्टी! "छाती! रेषेला छाती लागली पाहिजे. हात काय, बसल्या जागीसुद्धा लांब होतो!" एकदा त्यांनी स्वतःच्या मुलाला, म्हणजे बाईंच्या धाकट्या भावाला, पहिल्याचा तिसरा केलं होतं. हात पहिला होता, छाती तिसरी. धाकटा आठवडाभर बापाशी बोलला नाही. मास्तरांनी त्याची जराही मनधरणी केली नाही.

पुढे बाई भौतिकशास्त्र शिकवायला लागल्या आणि घरात नवा वाद पेटला. बाई म्हणायच्या, "बाबा, माणसाचा अंगठा उशीर करतोच. आधी डोळ्याला दिसायचं, मग डोक्याला कळायचं, मग अंगठा हलायचा."

"माझा नाही करत."

"सगळ्यांचा करतो."

"सगळे मूर्ख आहेत!"

जेवणाच्या ताटावर हा वाद किती वर्षं चालला असेल याला गणती नाही. दोघांनाही त्याचा कंटाळा आला नाही. बाईंनी लग्न केलं नव्हतं. केलं नाही असं नव्हे, राहून गेलं, असं त्या सांगायच्या. आई लवकर गेली, धाकटा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, आणि त्या घरात हे दोघं आणि एक अंगठा एवढेच उरले.

मग मास्तरांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली. घड्याळ दाबणारा अंगठा शर्टाचं बटणही लावेना. बाई पहाटे उठून त्यांना आंघोळ घालायच्या, कपडे चढवायच्या, खुर्चीत बसवायच्या आणि धापा टाकत शाळेत जायच्या. दिवसा सोबतीला ठेवलेली दोन माणसं टिकली नाहीत. पहिल्याला मास्तर शिट्टी फुंकून बोलवायचे, त्याने हात जोडले. दुसरा रोज उशिरा यायचा, त्याला मास्तरांनीच हाकललं. शेजारच्या काकू दुपारी डोकावून जायच्या, पण त्यांचेच गुडघे धड नव्हते. अशात एक दिवस मास्तर पॅसेजमध्ये पडले आणि काकू येईपर्यंत तसेच फरशीवर पडून राहिले. त्या दिवशी धाकट्याचा फोन आला.

"ताई, आता बास. बाबांना मी घेऊन जातो. इथे लिफ्ट आहे, तुझी वहिनी दिवसभर घरी असते."

"ते इथून हलायचे नाहीत. त्यांना खिडकीतून मैदान दिसायला लागतं."

"आणि पुन्हा पडले म्हणजे? मैदान उचलायला येणार आहे का?"

तोडगा काढला तो व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या फिजिओ मुलीने. ती म्हणाली, पलंगाच्या खोलीपासून बाथरूमपर्यंत, कुणाला न धरता, नुसत्या काठीवर, अर्ध्या मिनिटाच्या आत जायला लागले तर पायात तेवढी ताकद आली असं समजायचं. मग दिवसा एकटे राहायला हरकत नाही. धाकट्याने ते मान्य केलं. फक्त एक अट घातली. "घड्याळ तू धरायचं नाहीस. तुझा अंगठा बाबांच्याच बाजूने पडणार."

"मी धरूच शकत नाही," बाई म्हणाल्या. "माझे दोन्ही हात त्यांना सावरायला लागतात. मशीन मोजेल."

मुख्याध्यापकांना विचारून त्यांनी प्रयोगशाळेतलं एक जुनं कॅल्क्युलेटर, दोन सेन्सर आणि दोन टॉर्च घरी आणले. घर आगगाडीच्या डब्यासारखं लांबलचक, त्यामुळे पॅसेज चांगला मोठा होता. मास्तरांच्या खोलीच्या दाराशी एक जोडी आणि बाथरूमच्या दाराशी दुसरी जोडी लावली. चार बुटकी स्टुलं मिळाली, त्यांवर सगळं मांडलं. हयात गाड्यांचा वेळ मोजण्यात गेली होती, उजेडाची उंची त्यांनी हाताच्या सवयीने तेवढीच ठेवली. मास्तरांच्या गुडघ्याला जेमतेम लागेल इतकी. पॅसेजमधली ट्यूब बंद ठेवावी लागायची, नाहीतर तिच्या उजेडात सेन्सर गोंधळायचा.

"चोर पकडायचाय का?" टॉर्च बघून मास्तर म्हणाले. बोलणं आता जडावलेलं होतं, पण खोडसाळपणाला काही झालं नव्हतं.

"चोर नाही, तुम्हाला मोजायचंय."

"मला! मला मोजणार हे डबडं!"

पण उठले. पहिल्या दिवशी बाईंनी त्यांना जवळजवळ उचलूनच नेलं, तो आकडा धरण्यातला नव्हता. मग काठी आली. बाई शेजारून चालायच्या, त्यांच्या कोपराखाली हात धरून, पण न टेकवता. बाथरूमचं दार आलं की जरा मागे थांबायच्या आणि त्यांना पुढे जाऊ द्यायच्या. रोज सकाळ-संध्याकाळ. बाईंनी आकडा मोठ्याने वाचायचा आणि मास्तरांनी "हं" करायचं, एवढाच सोहळा. आकडा खाली येत गेला. घामाने बनियन भिजायचं, ओठ चावून चावून रक्त यायचं, पण आकडा खाली येत गेला. चौतीस-पस्तीस सेकंदांवर येऊन मात्र जो अडला तो हटेना.

खरं सांगायचं तर बाईंना कधी कधी तो हटू नये असंच वाटायचं. रात्री दोनदा उठायचं, चादर बदलायची, पुन्हा पाठ टेकली तरी झोप नाही. एकदा वर्गात फळ्याकडे तोंड करून उभ्या असतानाच त्यांचा डोळा लागला होता. बाबा गेले धाकट्याकडे, तर मी सलग झोपेन. हा विचार मनात यायचा आणि मागोमाग स्वतःची अशी शरम वाटायची की त्या उठून उगाचच मास्तरांच्या खोलीत डोकावून यायच्या.

मग त्या आठवड्यात एकदम तीस आले. मग साडेएकोणतीस. धाकटा रविवारी स्वतः बघायला येणार होता, आणि अगदी वेळेवर मास्तरांचे पाय ऐकायला लागले. काकूंनी तर नजर काढायची भाषा केली. "मी म्हटलं नव्हतं?" मास्तर म्हणाले, पण बाईंकडे न बघता.

शनिवारी, तो पेन्सिलचा तास आटोपून बाई घरी आल्या. चहा झाला, ट्यूब बंद केली, मास्तर चालले. आकडा एकोणतीस. बाईंनी तो मोठ्याने वाचला. "हं," मास्तर म्हणाले आणि बाथरूममध्ये गेले.

इतके दिवस बाई फक्त आकडा बघत होत्या. आज दिवसभर पोरांचे खड्डे तपासले होते, त्याच तंद्रीत त्यांनी चष्मा लावला आणि पडद्यावरची रेघ उघडली. पहिल्या ठिकाणी एक रुंद खड्डा. दुसऱ्या ठिकाणी आधी एक बारीक, सुईने टोचल्यासारखा. मग बरीच सपाट रेघ. आणि मग कुठे रुंद.

काठी.

बाईंना कळायला वेळ लागला नाही. पहिल्या उजेडावरून मास्तर काठी उचलून नेत होते, म्हणजे घड्याळ सुरू व्हायचं ते पाय गेल्यावर. आणि शेवटच्या उजेडाशी हात लांब करून काठी आधी पुढे घालत होते, म्हणजे घड्याळ थांबायचं ते पाय पोचण्याआधी. बुटक्या स्टुलांमुळे ते जमत होतं. हात पुढे टाकला म्हणून पोटच्या पोराला पहिल्याचा तिसरा करणारा माणूस!

आधी त्यांना हसू आलं. मग ते विरून गेलं. या घरात राहण्यासाठी, त्या खिडकीसाठी, बाबांवर ही वेळ यावी? मास्तर बाथरूमच्या दारात येऊन उभे राहिले होते. बाईंनी रेघ पुसून टाकली आणि चष्मा काढला.

"दमलात?" त्यांनी विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले.

एवढंच. रात्री बाई बराच वेळ जाग्या होत्या. सकाळी स्टुलांची उंची वाढवायची म्हटलं तर पाच मिनिटांचं काम. त्यांनी ते केलं नाही.

रविवारी धाकटा आला तो फळांची पिशवी घेऊन, बापाच्या पाया पडला आणि पॅसेजमध्ये शिरताच त्याने सवयीने ट्यूब लावली. कॅल्क्युलेटरवर आकडे सैरावैरा पळायला लागले.

"अरे बंद कर, बंद कर ती!" बाई ओरडल्या.

"घाबरलो ना! मला वाटलं काही फुटलं." त्याने ट्यूब बंद केली आणि भिंतीला टेकून उभा राहिला. "चला बाबा. आज मी पंच."

"तू काय पंच," मास्तर म्हणाले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घालायचा हट्ट धरला होता. गळ्यात शिट्टी होती.

ते निघाले. बाई शेजारून, हात कोपराखाली. काठी पहिल्या उजेडावरून उचलली गेली. पाय गेला, आकडे सुरू झाले. अंधारात उजवा पाय फरशीवर घासत येत होता. दुसरं दार जवळ आलं. बाई मागे थांबल्या. काठी लांब झाली, उजेड तुटला.

"एकोणतीस," बाईंनी वाचलं. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

"क्या बात है!" धाकट्याने टाळी वाजवली. "बाबा, मानलं तुम्हाला! आता मला काही बोलायला जागाच ठेवली नाहीत."

मास्तर चौकटीला टेकून उभे होते. त्यांनी धाकट्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. डाव्या हाताने शिट्टी चाचपून तोंडात घातली आणि फुंकली. दम लागला होता, फुंकर वाकड्या ओठातून निसटली, शिट्टी धड वाजलीसुद्धा नाही.

"बाद," ते म्हणाले.

"काय झालं?"

"बाद आहे ही धाव. काठी आधी गेली. छाती मागे होती."

धाकट्याला क्षणभर उमजेना. मग त्याची नजर बुटक्या स्टुलांवरून काठीकडे गेली. "अहो, पण काठी तुमचीच आहे ना? चालतंय की!"

"हातही तुझाच होता," मास्तर म्हणाले.

इतकी वर्षं झाली होती त्या शर्यतीला, पण धाकट्याचा चेहरा त्या दिवशी झाला होता तसा झाला. बाईंनी मान खाली घातली.

"ते मशीन वर घे," मास्तरांनी बाईंना सांगितलं. "छातीला."

"बाबा, उद्या करू. आज खूप—"

"वर घे म्हटलं ना."

बाईंनी स्वयंपाकघरातल्या खुर्च्या आणल्या, खुर्च्यांवर स्टुलं चढवली, स्टुलांवर टॉर्च आणि सेन्सर. धाकटा न सांगता मदतीला आला. मास्तर पुन्हा पलंगाच्या खोलीत जाऊन उभे राहिले. शर्टाच्या पाठीला घामाचा मोठा डाग पडला होता.

या वेळी टॉर्चचा गोल त्यांच्या शर्टाच्या खिशावर पडला आणि आकडे सुरू झाले. निम्म्या वाटेत पाय अडखळला. बाईंचा हात आपोआप वर गेला. "नको," मास्तर दातांतून म्हणाले. बाईंनी हात खाली घेतला. त्यांना रडू येत होतं आणि रडायला वेळ नव्हता. शेवटच्या उजेडाशी मास्तरांनी काठी मागे ठेवली, मुद्दाम, दिसेल अशी, आणि छाती पुढे काढून आत गेले.

"वाच," ते म्हणाले.

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. धाकटा त्यांच्याकडे बघत होता. ताई, सांग काहीही, असं त्याच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं.

"चौतीस," बाई म्हणाल्या.

"चार सेकंदांचं काय घेऊन बसायचं!" धाकटा पटकन म्हणाला. "आज दुसऱ्यांदा चालले म्हणून लागली चार. राहू देत इथेच. मी काय म्हणतो, आणखी थोडे दिवस—"

"चार सेकंदांत अख्खी शर्यत संपते," मास्तर म्हणाले. "कपडे भरा माझे."

बाई कपाटासमोर बसून शर्टांच्या घड्या घालत होत्या तेव्हा मास्तर पलंगावर टेकून खिडकीतून बाहेर बघत होते. मैदानावर कुणीतरी एकटंच फेऱ्या मारत होतं. धाकटा बाहेर गाडीत जागा करत होता.

"काल तू बघितलंस," मास्तर म्हणाले.

बाईंचे हात थांबले.

"चष्मा लावून बघितलंस आणि पुसून टाकलंस. मला वाटलं आता ओरडशील. मग वाटलं, सकाळी तरी स्टुलं वर घेईल." त्यांना दम लागला. "पोरांना काय सांगतेस तू? मशीनमध्ये असलं काही दिसलं की?"

"पुन्हा सोडा."

"मग मला का नाही म्हणालीस?"

बाईंनी हातातल्या शर्टाची घडी मोडून पुन्हा घातली.

"मी काठी घातली ती घातली. लाज सोडली म्हातारपणी. पण आज धाकट्यासमोर तू तोंडाने एकोणतीस वाचलंस, ते मला ऐकवेना गं." मास्तर थांबले. "आणि तू दमलीस. ते तुझ्या त्या डबड्यात दिसत नाही. मला दिसतं."

"मी नाही दमले, बाबा."

"पुन्हा खोटं."

आता मात्र बाई रडल्या. पिशवीत तोंड घालून, शर्ट नीट रचत असल्यासारख्या. मास्तरांनी त्यांच्या डोक्यावर डावा हात ठेवला. उजवा बराच वेळ उचलायचा प्रयत्न करून झाला होता.

"शिट्टी ठेवू का पिशवीत?" थोड्या वेळाने बाईंनी नाक पुसत विचारलं.

"गळ्यातच असू दे. सूनबाईला बोलवायला लागेल."

"वहिनी हाकलून देईल हं तुम्हाला."

"देईल तर येईन परत," मास्तर म्हणाले. दोघंही हसली, बेताचीच.

गाडीत बसताना त्यांनी कुणाचा हात घेतला नाही. खूप वेळ लागला. धाकटा दार धरून उभा होता, आणि त्याने एकदाही घाई केली नाही. काकू फाटकाशी पदराने डोळे टिपत होत्या. गाडी वळली तेव्हा मास्तर मागे बघत नव्हते, मैदानाकडे बघत होते.

बाई घरात आल्या आणि सरळ अंथरुणावर आडव्या झाल्या. दुपारपासून तिन्हीसांजेपर्यंत त्या गाढ झोपल्या, मेल्यासारख्या. जाग आली तेव्हा पाठ दुखत नव्हती, आणि न दुखण्याचंच त्यांना वाईट वाटलं.

सोमवारी सामान शाळेत परत द्यायचं होतं. टॉर्च अजून तसेच लागलेले होते, उजेड पिवळा पडला होता. आवरायला घ्यायचं म्हणून बाई मास्तरांच्या खोलीतून पॅसेजमध्ये आल्या, तर छातीवर तो गोल पडला आणि कॅल्क्युलेटरवर आकडे सुरू झाले. बाई चालत राहिल्या. हळू, आपोआपच हळू, डावा हात जरा पुढे धरून, कुणाच्या तरी कोपराखाली असावा तसा. बाथरूमच्या दाराशी पोचल्यावर सवयीने त्या एक पाऊल मागे थांबल्या, त्यांना पुढे जाऊ द्यायला.

अर्धं मिनिट कधीच होऊन गेलं होतं. आकडे चालूच होते.